पूर्वजांचा माग

श्राद्धाच्या दिवशी संकल्प सोडताना उपाध्याय यजमानाला त्याच्या वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव विचारतात. वडिलांचे नाव ओठांवरच असते. आजोबांचेही बहुधा आठवते. पणजोबांच्या नावाशी मात्र पुष्कळ यजमान अडखळतात आणि माजघराच्या दाराशी बसलेल्या एखाद्या वृद्ध आत्याबाईंकडे पाहू लागतात. त्यांच्या पलीकडच्या पुरुषाचे नाव उपाध्याय विचारीतच नाहीत. शास्त्राने पिंड तीन पिढ्यांना सांगितला; त्याच्या वरचे पितर हाताला चिकटलेल्या लेपाचे धनी. धर्मकृत्याची सोय एवढ्याने होते, परंतु जिज्ञासेची होत नाही. तो चौथा पुरुष कोण होता, कोणत्या गावाहून आला, काय उद्योग करून पोट भरीत होता, हे जाणण्याची इच्छा एकदा मनात उत्पन्न झाली म्हणजे ती मनुष्याला सहसा स्वस्थ बसू देत नाही. सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत असा पूर्वज कसा शोधावा, कोणते कागद त्या कामी साह्य करतात आणि शोध कोठे थांबवावा, ह्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ह्या कामाला आपण 'माग काढणे' असे म्हणतो. त्या शब्दाबरोबर जुन्या गावगाड्यातली एक रीत आठवते. गावात चोरी झाली म्हणजे गावचा रामोशी चोराची पावले पाहत निघे. माग आपल्या शिवेपर्यंत नेऊन तो पुढच्या गावच्या रामोशाला व पाटलाला दाखवावयाचा. तेथून पुढची जबाबदारी त्या गावाची. अशा रीतीने माग एकामागून एक शिवा ओलांडीत जाई आणि ज्या गावाच्या हद्दीत तो नाहीसा होई, त्या गावाने चोरीची भरपाई करावयाची असे. पुढच्या गावचा मनुष्य पाऊल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून माग हाती घेत नसे. त्यामुळे जेथे पाऊल उमटलेले नाही तेथे ते उमटले आहे, असे सांगून भागत नसे. कुळाच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्याने ही रामोशाची शिस्त अंगी बाणवावी, एवढेच माझ्या आजच्या सांगण्याचे सार आहे.

प्रथम हद्दींचा विचार करू. सांगली हा आज स्वतंत्र जिल्हा आहे. परंतु १९४९ पर्यंत त्या नावाचा जिल्हा नव्हता. त्या वर्षी सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यापूर्वी साताऱ्यात मोडत. सांगली, मिरज व जत येथे संस्थाने होती. आटपाडी औंधकरांकडे होती. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की, तासगावच्या एखाद्या शेतकऱ्याचा १८८० सालचा कागद सातारा जिल्ह्याच्या दप्तरात असावयाचा. त्याचा व्याही सांगलीस राहत असला तर त्याचा कागद संस्थानच्या दप्तरात, आणि मामा आटपाडीचा असला तर त्याचा औंधच्या दप्तरात. आपल्या पूर्वजाने आयुष्यात पंधरा कोसांचीही मजल मारली नसेल. त्याच्या कागदांनी मात्र तीन राज्यांत वस्ती केलेली असते. कागद ज्या सालचा हवा त्या सालची हद्द ठाऊक नसेल, तर शोधणारा भलत्याच कचेरीची पायरी झिजवतो.

शोधाचा आरंभ घरापासूनच करावा. माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या फळीवर, कधी धान्याच्या कोठारात रुमालात बांधलेले जुने कागद सापडतात. ते मोडीत असतात. मोडी ही काही गूढ विद्या नव्हे. चार-सहा महिने नेमाने अभ्यास केला तर साधी पत्रे लागू लागतात. खरी अडचण अक्षराची नसून नावाची आहे. जुन्या कागदांत मनुष्य स्वतःचे व बापाचे नाव सांगतो, आडनाव पुष्कळदा सांगतच नाही. गोविंद हरी म्हणजे हरीचा पुत्र गोविंद. रंगो बापूजी म्हणजे बापूजीचा पुत्र रंगो. नातवाला आजाचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे हरी गोविंद आणि गोविंद हरी एकाआड एक पिढीत येत राहतात आणि चार पुरुषांचे दोन, किंवा दोघांचे चार होऊन बसतात. त्यांत पुन्हा आप्पा, नाना, दादा, भाऊ ही घरगुती नावे. पत्राच्या मायन्यात 'तीर्थरूप' असले म्हणजे समोरचा मनुष्य वडीलच असतो असे नाही. तो चुलता किंवा थोरला भाऊही असू शकतो. 'चिरंजीव' हा शब्दही पुतण्याला, दत्तकाला आणि औरसाला सारखाच लागू पडतो. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे हुद्द्यांवरून पडलेली; हुद्दा गेला तरी आडनाव राहिले, किंवा गाव सोडले आणि नवे आडनाव चिकटले.

नावाइतकीच फसवी गोष्ट तिथीची. मराठेशाहीतल्या कागदांवर इसवी सन नसतो. काही कागदांवर शालिवाहन शक असतो, पण दरबारी व मुलकी व्यवहार बहुतेक शुहूर सनात, म्हणजे ज्याला अरबी सन म्हणत त्यात, चाले. हा सन मृग नक्षत्राबरोबर बदलतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेऊ. पानिपतचा संग्राम झाला त्या वेळी 'इहिदे सितैन मया व अलफ' हा सन चालू होता. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा कागद असेल तर ह्या आकड्यात ५९९ मिळवावयाचे, जानेवारीपासून पुढचा असेल तर ६००. संग्राम पौष शुद्ध अष्टमीचा, म्हणजे जानेवारीतला. ११६१ मध्ये ६०० मिळवले म्हणजे १७६१ हे बरोबर येते. शक होता १६८२. त्यात नेहमीप्रमाणे ७८ मिळवून जो स्वस्थ बसेल, त्याच्या हिशेबी पानिपत १७६० सालीच होऊन जाईल. पौषाचा जो भाग जानेवारीत येतो त्याला, आणि माघ-फाल्गुनाला, ७९ मिळवावे लागतात. घरच्या वंशावळीत मुलगा बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने जन्मलेला दिसला, तर घराण्याच्या अब्रूची काळजी करण्यापूर्वी ही बेरीज एकदा तपासून पाहावी.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळू. कागदांच्या बाबतीत भाग्यवान असे घराणे ह्या भागात पटवर्धनांचे. मूळ पुरुष हरभट पटवर्धन हे कोकणातल्या कोतवड्याचे. ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय झाले. इचलकरंजीच्या घरात पेशवे बाळाजी विश्वनाथ ह्यांची कन्या अनुबाई दिलेली असल्यामुळे पटवर्धनांचा पेशव्यांशी संबंध आला, आणि हरभटांचे पुत्र गोविंद हरी, रामचंद्र हरी व त्र्यंबक हरी हे लष्करी पेशात शिरले. पुढच्या पिढीत गोपाळराव आणि परशुरामभाऊ ही नावे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेच्या चुलत्यांपासून विभक्त होऊन आपल्या गणपतीसह सांगलीस आले, आणि कृष्णाकाठचे ते लहानसे गाव राजधानी झाले.

ह्या घराण्याचा इतिहास आपणांस इतका बारकाईने कळतो, ह्याचे श्रेय मिरजेच्या हायस्कुलातले संस्कृतचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे ह्यांच्याकडे जाते. शास्त्रीबोवांच्या हाती पटवर्धनांचे दप्तर आले आणि १८९७ पासून त्यांनी त्यातली निवडक पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ह्या नावाने खंडशः छापण्यास आरंभ केला. १९२४ साली ते वारले तोपर्यंत हे काम चालू होते, आणि पुढे ते त्यांच्या चिरंजिवांनी चालविले. स्वारीवर असलेला सरदार घरी काय लिहितो, घरून कोणत्या कर्जाची आठवण येते, दरबारातला वकील आज कोणाचे मन फिरले म्हणून कळवितो, हे सर्व त्या पत्रांत त्या त्या दिवसाच्या शब्दांत वाचावयास मिळते.

तथापि ह्याच घराण्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. पटवर्धनांची जी बखर आहे तिचे नाव 'हरिवंशाची बखर'. गोपाळरावांच्या व परशुरामभाऊंच्या हालचाली आपण पत्रांवरून तारखेवार सांगू शकतो. परंतु हरभटांच्या आयुष्याविषयी जे सांगितले जाते त्यात गणपतीची उपासना, दृष्टांत आणि प्रसाद ह्यांचाच भाग मोठा आहे. हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. गरीब उपाध्यायाच्या हालचालींचे कागद कोण राखणार? नातू सरदार झाले तेव्हा आजोबांचे चरित्र आठवू लागले, आणि ते भक्तीच्या भाषेत आठवले. येथे बखरीला खोटी म्हणण्याचे कारण नाही. हरभटांविषयी पुढच्या पिढ्यांना काय वाटत होते ह्याचा तो उत्तम पुरावा आहे. पण तो तेवढ्याचाच पुरावा आहे. पत्राचे पाऊल निराळे आणि श्रद्धेचे पाऊल निराळे, हा भेद शोधणाऱ्याने टिपणात स्पष्ट नोंदवून ठेवावा.

सरदारांच्या खालच्या पायरीवर वतनदार व इनामदार येतात. त्यांच्या वंशजांना आशेची जागा म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर. तेथे शाहू दप्तरापासून पुढचे हजारो रुमाल आहेत. शिवाय इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याच्याकडे इनाम असेल त्याने ते कोणी, कोणास, केव्हा दिले हे सिद्ध करावे, असा प्रसंग आला. तेव्हा घरोघरच्या सनदा बाहेर निघाल्या, कैफियती लिहिल्या गेल्या आणि वंशावळी जोडल्या गेल्या. पुष्कळ घरांत 'आमचा इतिहास' म्हणून जो कागद दाखवितात तो अशाच एखाद्या कैफियतीची नक्कल असतो. तो आनंदाने वाचावा, परंतु तो कोणत्या प्रसंगी लिहिला गेला हे विसरू नये. कैफियत हे दावेदाराचे म्हणणे आहे. ज्या चुलतभावाशी वाटणीचा तंटा होता त्याची शाखा त्या वंशावळीत खुंटलेली दाखविली असेल. दत्तक औरस झाला असेल. मिळकत शंभर वर्षे जुनी भासावी म्हणून एखादी पिढी अधिकही घातली गेली असेल. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे येण्याचे प्रकार मराठेशाहीतही घडत असत. म्हणून प्रतिपक्षाची कैफियत मिळाली तर ती अवश्य पाहावी. आपल्या पूर्वजाचे खरे वर्णन कधी कधी त्याच्या वैऱ्याच्याच लेखणीतून उतरलेले असते.

दत्तकाच्या रेघेवर केवढे अवलंबून असते, हे साताऱ्याइतके दुसऱ्या कोणत्याही गावाला ठाऊक नसेल. ५ एप्रिल १८४८ रोजी छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. त्यांचे वडील बंधू प्रतापसिंह महाराज ह्यांनीही काशीस असताना दत्तक घेतला होता. कंपनी सरकारने ह्यांपैकी एकही दत्तक राज्यास पात्र मानला नाही, आणि सातारचे राज्य खालसा केले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुरती असलेली वंशावळ राज्यकर्त्याच्या दृष्टीने तुटलेली ठरली.

ह्याच प्रकरणात ज्याचे आयुष्य खर्ची पडले तो पुरुष रंगो बापूजी गुप्ते. पूर्वजाचा माग काढणे म्हणजे काय, ते ह्या एका चरित्रावरून समजून घेता येते. रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याच्या देशकुलकर्णी घराण्यातले. शिवाजीमहाराजांच्या काळचे दादाजी नरसप्रभू हे त्या घराण्याचे प्रसिद्ध पुरुष. दादाजींना लिहिलेले म्हणून १६४५ सालचे एक पत्र पुष्कळांच्या परिचयाचे आहे. हिंदवी स्वराज्याचा उल्लेख त्यातलाच. त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी इतिहासज्ञांत मतभेद आहेत. अशा कागदाचा वंशजाला मोह पडतो. परंतु ज्या कागदावर सर्वांत अधिक अभिमान बसतो, त्यालाच सर्वांत कसून पारखले पाहिजे.

१८३९ साली प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा, आणि कंपनीचे शिपाई फितविल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. धन्याची बाजू विलायतेत मांडण्याकरिता रंगो बापूजी निघाले. १८४० पासून १८५३ पर्यंत ते लंडनात राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत त्यांनी दाद मागितली, पार्लमेंटापर्यंत गाऱ्हाणे नेले, अर्ज व पुस्तिका छापविल्या. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉमसन ह्यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. १८४७ साली महाराज काशीस वारले, पुढल्या वर्षी राज्यच गेले. तरी हा वकील पाच वर्षे आणखी तेथे झगडत राहिला आणि शेवटी रिक्त हस्ताने परतला. ह्या चौदा वर्षांचा माग सापडण्यास अडचण नाही. त्यांचे अर्ज छापलेले आहेत, भागीदारांच्या सभांचे वृत्तांत आहेत, आणि कंपनीचे व इंडिया ऑफिसचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहे. मात्र तेथे शोधणाराने साहेबी उच्चार ध्यानात ठेवावा लागतो. यादीत ते 'रुंगो बापोजी' होऊन बसले आहेत आणि साताऱ्याचे 'सट्टारा' झाले आहे.

मग १८५७ साल उजाडले. साताऱ्यास उठावाची जुळवाजुळव उघडकीस आली. सप्टेंबरात १७ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. काहींना फाशी दिले, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम हेही होते. स्वतः रंगो बापूजी सरकारच्या हाती लागले नाहीत. ठाण्यास ते अखेरचे दिसले आणि वेष पालटून निघून गेले, अशी समजूत आहे. तेथल्या जांभळी नाक्यावरच्या चौकाला त्यांचे नाव आहे. पुढे ते कोठे गेले, किती वर्षे जगले, कोणत्या गावी त्यांनी देह ठेवला, ह्याचा पत्ता नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. रंगो बापूजींचे कागद ज्यांनी सांभाळले त्यांत मोठा वाटा त्यांच्या शत्रूचा आहे. जोपर्यंत ते सरकारच्या डोळ्यांत सलत होते तोपर्यंत त्यांची प्रत्येक हालचाल टिपली गेली. ज्या दिवशी पाठलाग फसला त्या दिवशी कागदही थांबला. घरच्या बाजूने पाहिले तर पुत्र फासावर गेलेला आणि पिता फरारी, अशा कुटुंबात जुनी पत्रे बाळगणे हेच संकट होते. प्रबोधनकार ठाकरे ह्यांनी १९४८ साली 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' हा ग्रंथ प्रसिद्ध करून हे चरित्र मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडले. तरी शेवटचे पान कोणालाच लिहिता आलेले नाही. ते कोरे पाहून आपली कल्पना धाव घेऊ लागते. अमक्या मठात एक वृद्ध साधू होता, तमक्या तीर्थावर एक अनोळखी वारला, अशा गोष्टी जोडून टाकाव्याशा वाटतात. ज्याने धन्यासाठी चौदा वर्षे परदेशात काढली, त्याचा मृत्यू निनावी असावा हे मनाला रुचत नाही. पण ज्या पुरुषाने जन्मभर खोट्या कागदांवर रचलेल्या आरोपाविरुद्ध झगडा केला, त्याच्या चरित्राला आपण एक खोटे पान जोडावे, हे त्याच्या स्मृतीला शोभणारे नाही. माग ठाण्याच्या शिवेवर थांबला. तेथे खूण करून थांबावे.

श्रोतेहो, आतापर्यंत सरदारांची आणि वकिलांची गोष्ट झाली. पण आपणांपैकी बहुतेकांचे पूर्वज असे नव्हते. इंग्लंडात १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदी ठेवण्याची सुरुवात झाली. त्यामुळे तेथल्या एखाद्या लोहाराच्या वंशजालाही आपला नववा-दहावा पुरुष सापडू शकतो. आपल्याकडे वतन असले, तंटा झाला किंवा तीर्थयात्रा घडली, तरच सामान्य मनुष्य कागदावर येई. ह्यांत तीर्थयात्रेचा कागद सर्वांत उदार. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, गाव, भाऊबंद, मुले आणि कधी कधी घरच्या स्त्रियांचीही नावे लिहिलेली असतात. पूर्वी आलेल्या आजाची नोंद दाखवून उपाध्याय नातवाला आपला यजमान ठरवीत. ह्या व्यवहारामुळेच त्या वह्या जपल्या गेल्या. हरिद्वारच्या अशा वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतल्या युटा येथील वंशशोध करणाऱ्या संस्थेने गेल्या शतकात घेतली, इतके त्यांचे मोल आहे.

जेथे असाही कागद नाही तेथे काय होते, हे महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या कुळावरून दिसते. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले कटगुण, मूळ आडनाव गोऱ्हे. पणजोबा गावचे चौगुले होते, गावात कलह झाल्यामुळे ते कुळ पुरंदर तालुक्यातल्या खानवडीस गेले, आजोबा शेटीबा तेथून पुण्यास आले, पुढे फुलांच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले, असे चरित्रकार सांगतात. तीन पिढ्यांत तीन गावे आणि दोन आडनावे! ज्याच्या नावावर आज गावोगाव शाळा आहेत त्याच्या पणजोबांपर्यंत जावयाचे तर परंपरेचाच हात धरावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र चित्र पालटते. पाहणीच्या वेळची कडईपत्रके, १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झालेली हक्कनोंदणी, तिच्यातले वारसांचे फेरफार, गावच्या जन्ममृत्यूचे रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते, आणि शाळेचे प्रवेशरजिस्टर, ह्या सर्वांत वतन नसलेला मनुष्यही प्रथमच नावानिशी दिसू लागतो. आज ह्या रजिस्टरांना पुन्हा महत्त्व आले आहे. कुणबी नोंदींच्या शोधार्थ महाराष्ट्र शासनाने २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि साताऱ्या-सांगलीकडची कितीतरी कुटुंबे पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पाहण्यासाठी मोडी वाचणाऱ्याच्या दाराशी गेली. त्या एका शब्दावर नातवाचे शिक्षण व नोकरी अवलंबून असते. अशा वेळी कागद जसा आहे तसा वाचणे हे केवळ विद्वत्तेचे काम राहत नाही, ते प्रामाणिकपणाचे होते. वाचणाऱ्याने अक्षर ओढूनताणून लावले तर एकाचा लाभ होतो आणि दुसऱ्याच्या हक्कावर घाला पडतो.

शाळेच्या रजिस्टराची थोरवी पाहावयाची तर साताऱ्यासच जावे. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलाला पुढे प्रतापसिंह महाराजांचेच नाव मिळाले. तेथल्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ह्या तारखेस, १९१४ ह्या क्रमांकावर, एका नव्या विद्यार्थ्याचे नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांचा हा मुलगा पुढे भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. नोंद करणाऱ्या कारकुनाला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने दिवसभरातल्या इतर नावांसारखेच तेही नाव लिहिले, आणि म्हणूनच त्या ओळीवर आपला विश्वास बसतो. तिच्यात गौरव नाही की तक्रार नाही. ज्या राजाचा दप्तरखाना लुप्त होत गेला त्याच्या वाड्यात, ज्यांच्या पूर्वजांना कोणी दप्तर दिलेच नव्हते त्यांच्या कुळाची ही ओळ सुरक्षित राहिली.

त्या नावाकडे पुन्हा एकदा पाहिले तर आणखी एक गोष्ट जाणवते. भिवा हा मुलगा, रामजी हे वडील, आणि आंबेडकर ह्यात कोकणातले आंबडवे हे गाव. नावात तिघेही आले. आई मात्र आली नाही. भीमाबाई त्यापूर्वीच, १८९६ च्या सुमारास, साताऱ्यासच वारल्या होत्या. ही त्या रजिस्टराची चूक नव्हे. आपल्या सर्वच वंशावळी अशा आहेत. पुरुषाखाली पुरुष लिहीत जावयाचे आणि सुनांच्या जागी काही नाही. श्राद्धाच्या संकल्पात मात्र माता, पितामही व प्रपितामही ह्यांना स्थान आहे. उपाध्याय जी नावे विचारतात ती वंशावळीच्या कागदाने टिपून ठेवू नयेत, ही आपली कसूर आहे.

म्हणून ज्यांना ह्या शोधाची हौस आहे त्यांनी जुन्या रुमालाला हात घालण्यापूर्वी एक कोरी वही घ्यावी. घरातल्या वृद्ध स्त्रियांपाशी बसून त्यांचे माहेरचे नाव, माहेरचे गाव, आईचे नाव, आजीचे नाव विचारून घ्यावे. सांगणारीचे नाव व तारीख पुढे लिहावी. कागदावरून कळलेले एका बाजूस आणि ऐकून कळलेले दुसऱ्या बाजूस ठेवावे. जेथे काहीच कळले नाही तेथे रेघ न ओढता जागा मोकळी सोडावी. चौथ्या पुरुषाचे नाव कदाचित आपल्याला सापडणार नाही. परंतु पुढे आपला पणतू श्राद्धाला बसेल आणि पणजीच्या नावाशी अडखळेल, तेव्हा त्याला माजघराच्या दाराशी पाहावे लागू नये, एवढी तजवीज आपल्याला आजच करता येण्यासारखी आहे.